रंगरावांचा पासवर्ड

रंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या मोठ्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं फलक रंगवले, म्हणून तिथल्या लोकांनी चिकटवलेलं ते नाव. 'औषधांची खिडकी', 'क्ष-किरण विभाग', 'शांतता राखा', झालंच तर 'येथे बसू नये', जे म्हणून भिंतीवर लिहिलेलं होतं ते सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं की बघत राहावं. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथून बाहेर यायची त्याला कधी गरज पडली नाही.

आता गंमत ऐका. या रंगरावांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता.

थट्टा नाही करत. जन्मापासून तसंच. शाळेत एकदा झाडाची पानं लालभडक रंगवली, तर मास्तरांनी ते चित्र वर्गभर फिरवलं. पोरं पोट धरधरून हसली. त्या दिवशी या बहाद्दरानं कानाला खडा लावला की हे पुन्हा कुणाला कळू द्यायचं नाही. आणि धंदा कुठला निवडला, तर रंगाचा! कारण अक्षर देखणं होतं आणि दुसरं काही येत नव्हतं. नोकरीला लागताना डोळे तपासले, पण डॉक्टरांनी फक्त भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. रंगाचं कुणी विचारलंच नाही.

मग चाललं कसं? डब्यांवर. त्यांची एक लाकडी पेटी होती. डावीकडून पहिला डबा लाल, दुसरा पिवळा, तिसरा हिरवा, चौथा निळा. त्या पेटीला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही. रंग मिसळायचे तेही नजरेनं नाही, चमच्यानं मोजून. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे माणसाची! शिस्त कसली डोंबलाची, भीती होती ती. कुणी बाजूला उभं राहून बघायला लागलं की यांचा ब्रश थांबायचा. कुणी म्हटलं, "वा, रंग मस्त जमलाय," तर हे आधी त्याचं तोंड न्याहाळायचे, की खरंच म्हणतोय की खोदून बघतोय? चोराच्या मनात चांदणं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आता बोला!

तर अशा माणसापुढे एक दिवस ते पडदे येऊन टांगले गेले. दालनात तीन मोठे स्क्रीन. यापुढे फलक रंगवायचे नाहीत, संगणकावर तयार करून स्क्रीनवर सोडायचे. हुकूम निघाला की पेंटरनं महिन्याभरात ते सॉफ्टवेअर शिकून घ्यावं, नाहीतर धुलाईघरात चादरी मोजायला जावं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अक्षरासाठी ओळखला जाणारा माणूस चादरींत गाडला जाणार, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण शिकायला बसलं आणि डोळ्यांचं बिंग फुटलं, तर चादरीसुद्धा मिळतील की नाही कोण जाणे.

शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. कंत्राटावर, लेकीच्याच वयाच्या, बोलणं भराभर. पहिल्याच दिवशी रंगरावांच्या मनात पाल चुकचुकली. एवढी गोड बोलते ती कशासाठी?

"हे बघा, हे तयार नमुने," मॅडम म्हणाल्या. "यातला एक उचलायचा. वरचा भाग मथळ्याचा, मधला चित्राचा, ही खालची सरकती पट्टी. किती सेकंद दिसायचं ते इथे ठरवायचं. कधीपासून कधीपर्यंत, ते इथे. आधी कसं दिसेल ते बघून घ्यायचं आणि मग स्क्रीनवर सोडायचं. झालं."

"किती सेकंद म्हणालात?"

"दहा ठेवू या."

"दहा सेकंदांत पुसलं जाणार? आणि ज्यानं वाचलं नाही त्यानं काय करायचं?"

"पुसत नाही हो. एकामागून एक येत राहतं. फिरून परत तेच."

"आणि मी घरी गेल्यावर कोण फिरवतं?"

"कुणी नाही. आपोआप."

"आपोआप काही होत नसतं मॅडम," रंगराव म्हणाले, आणि स्क्रीनच्या मागे कुणी बसलंय का ते खरोखरच वाकून बघून आले.

पण कामात मात्र माणूस वस्ताद. मॅडमनी दिलेल्या नमुन्यातलं अक्षर त्यांनी एका नजरेत नापास केलं. दालनाच्या दारापासून स्क्रीनपर्यंत चालत गेले. अठरा पावलं. "दारातून येणारा माणूस घाबरलेला असतो," म्हणाले. "कुणाला तरी धरून आणलेलं असतं त्यानं. तो थांबून वाचत नाही, चालता चालता वाचतो. अक्षर तिप्पट करा, चित्र काढून टाका, चारच शब्द ठेवा." मॅडम बघतच राहिल्या. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. रंगरावांना त्या लिहून घेण्याचाही संशय आला.

अडलं ते रंगापाशी. त्या दवाखान्याच्या फरशीवर रेषा होत्या. लाल रेष तातडीच्या विभागाकडे, हिरवी औषधांच्या खिडकीकडे. स्क्रीनवरचा बाण त्याच रंगाचा हवा, नाहीतर छातीत कळ आलेला माणूस औषधांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. रंग निवडायला सॉफ्टवेअरमध्ये चौकोनांची एक ओळ होती. रंगरावांना हायसं वाटलं. डावीकडून पहिला लाल, तिसरा हिरवा, मॅडमनी एकदा दाखवलं ते यांनी पेटीसारखं पाठ केलं. पण ती ओळ होती भलतीच चावट. जो रंग शेवटी वापरला तो उडी मारून पहिला यायचा, बाकीचे सरकायचे. म्हणजे डबे आपले आपण जागा बदलायचे! रंगरावांना दुसऱ्या दिवशी ते उमगलं आणि तोंडचं पाणी पळालं. चौकोनांच्या खाली एका खिडकीत कसलासा आकड्या-अक्षरांचा नंबर दिसायचा, पण तिकडे त्यांनी बघितलंच नाही. न कळणाऱ्या नंबराच्या वाटेला जायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

मॅडमनी सांगितलं होतं की घरी बसूनही करता येतं. घरी लेकीनं सासरी जाताना ठेवलेला जुना जाडजूड लॅपटॉप होता. तिनं त्याचं नाव ढब्बू ठेवलं होतं, यंत्रातसुद्धा तेच टाकलं होतं. रंगराव संध्याकाळी ढब्बूवर फलक तयार करायचे, चौकोन अंदाजपंचे दाबायचे, आणि सकाळी आठला दवाखान्यात जाऊन, जीव मुठीत धरून, ते स्क्रीनवर सोडायचे. पासवर्ड त्यांनी लगेच बदलला होता आणि चष्म्याच्या घरात आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेवला होता. बायको पलीकडे शिलाईयंत्रावर लोकांचे कपडे आखूड-लांब करून देत बसलेली असायची. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, ही रंगरावांची पक्की समजूत.

पहिला फलक सुटला. लोक लाल रेषेनं तातडीकडे गेले, हिरवीनं औषधांकडे. दुसरा सुटला, तोही बरोबर. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "रंगसंगती छान साधता तुम्ही."

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. रंगराव घाबरले. तीन दिवस अंदाजानं दाबलेला चौकोन तिन्ही दिवस बरोबर निघतो? एवढं नशीब त्यांचं कधीच नव्हतं. दुपारी एकटे असताना त्यांनी सॉफ्टवेअरचा कोपरान् कोपरा दाबून बघितला, तेव्हा कुठे एक नोंदींची यादी उघडली. कुणी केव्हा काय केलं, त्याचा हिशोब. त्यात लिहिलं होतं: सकाळी ७.१०, बाणाचा रंग बदलला. आदल्या दिवशी ७.१२, बाणाचा रंग बदलला. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. आणि बदलणाऱ्याचं नाव? खुद्द रंगरावांचं!

सात वाजून दहा मिनिटांनी रंगराव रोज न्हाणीघरात असतात.

पाचावर धारण बसली त्यांची. कुणीतरी त्यांच्या नावानं आत शिरत होतं. अक्षराला हात लावत नव्हतं, मजकुराला लावत नव्हतं, फक्त रंग दुरुस्त करत होतं. म्हणजे त्याला कळलं होतं. चाळीस-पन्नास वर्षं झाकलेलं कुणाला तरी कळलं होतं, आणि तो गप्प होता. हेच सगळ्यात वाईट. बोलणारा परवडला, गप्प बसणारा कशाची वाट बघत असतो?

आधी संशय गेला भांडारवाल्यावर. दवाखान्याचं सामान सांभाळणारा तो, जिभेला हाड नसलेला माणूस. एकदा त्यानं लेबल नसलेला डबा दाखवून "हा कुठला रंग हो?" विचारलं होतं आणि रंगरावांनी खोकल्याची उबळ आणली होती. पण भांडारवाल्याला साधा मोबाइलसुद्धा धड धरता येत नव्हता. मग राहिलं कोण? पहिला पासवर्ड बनवून देणारी. गोड बोलणारी. वहीत लिहून घेणारी.

"तीच ती," रंगराव भांडारवाल्याला म्हणाले. रंगाचं सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की माझ्या नावानं माझ्या कामात कुणीतरी हात घालतंय.

"लेखी द्या," भांडारवाला म्हणाला. दुसऱ्याच्या भांडणात तेल ओतायला याच्याकडे सदा डबा भरलेला. "तोंडी तक्रारीला कोण विचारतो? पुरावे गोळा करत असेल ती. म्हाताऱ्याला जमत नाही म्हणून दाखवून देईल आणि तुमच्या जागेवर कायम होईल."

रंगरावांनी लेखी दिलं. आपल्या त्या देखण्या अक्षरात, समासबिमास सोडून. 'संबंधित प्रशिक्षिकेने माझा पासवर्ड चोरला आहे असा मला दाट संशय आहे.'

मोठ्या साहेबांनी सोमवारी अकराला दोघांना बोलावलं. मॅडमचं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुढच्या वर्षाच्या कागदावर सही होणार नव्हती. शनिवारी मॅडमनी रंगरावांना जिन्यात गाठलं. आज बोलणं भराभर नव्हतं.

"मी तुमच्या पासवर्डला हात लावलेला नाही. माझ्या घरात कमावणारी मी एकटी आहे, रंगराव. असलं काही करून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईन का?"

"ते साहेब ठरवतील."

"त्या नोंदींवर नुसतं नाव असतं असं नाही. नोंद दाबली की कुठल्या यंत्रावरून बदल झाला तेही दिसतं. एकदा बघा तरी."

रंगराव खाली उतरले. बघायला कशाला पाहिजे? पुरावा तिनंच रचला असेल. पण घरी आल्यावर राहवेना. त्यांनी नोंद दाबली. यंत्राचं नाव आलं.

ढब्बू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! रंगराव त्या नावाकडे बघत बसले. मग हळूच मान वळवून त्यांनी पलीकडे बघितलं. बायको कुणाची तरी विजार आखूड करत होती. दोऱ्यांच्या रिळांतून एक उचललं, कापडाशी धरलं, परत ठेवलं, दुसरं उचललं.

त्याच रात्री त्यांनी मुद्दाम एक फलक तयार करून ठेवला. रविवारी सकाळी न्हाणीघरात गेले, बादलीत नळ सोडला आणि दार किलकिलं करून, पंचा गुंडाळून, स्वतःच्याच घरात चोरासारखे उभे राहिले. सात वाजून आठ मिनिटांनी बायको उठली. हात पुसले. ढब्बू उघडला. पासवर्ड विचारलाच नाही त्यानं! लॅपटॉप मिटला की सगळं बंद होतं, असं रंगराव समजत होते. ते सगळे दिवस सताड उघडं पडलं होतं. तिनं नाकावर चष्मा सरकवला, चौकोनांखालच्या त्या खिडकीत 'तातडी लाल, औषधं हिरवी' अशा एका कागदावर बघून रंगाचा नंबर लिहिला आणि लांबून बघितलं.

"काय चाललंय?" रंगराव ओरडले.

ती दचकली नाही. "नळ बंद करा आधी, पाणी वाया जातंय," म्हणाली.

"तू... तुला... केव्हापासून?"

"लग्नाला दीड महिना झाला होता. स्वेटर आणला होतात माझ्यासाठी. म्हणालात, लाल आणलाय, तुला लाल शोभतो. हिरवागार होता."

"आणि तू घातलास?"

"सहा हिवाळे घातला. ऊब लाल आणि हिरव्याला सारखीच असते."

रंगरावांना राग आला. खरंच आला. लाज वाटली की माणूस आधी रागावतो. "म्हणजे एवढी वर्षं मनातल्या मनात हसत होतीस माझ्यावर! आणि मी मूर्खासारखा... तिकडे त्या पोरीवर लेखी तक्रार करून बसलो! तोंड नव्हतं का तुला? बोलली का नाहीस?"

तिनं ढब्बू मिटला. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "थांबता थांबता लेकीचं लग्न झालं."

रंगरावांनी पंचा आवळला. ते आत गेले, नळ बंद केला आणि शेजारच्या उपड्या बादलीवर बसले.

संध्याकाळी मात्र डोकं चालायला लागलं. वाट दिसत होती. साहेबांना म्हणायचं, रंग मीच बदलले, विसरलो, वयाचा दोष, तक्रार मागे घेतो. मॅडम सुटतील, आपणही झाकलेले राहू. बायकोनं न मागता एक चिठ्ठी दिली. लाल आणि हिरव्या रंगाचे नंबर, ठळक आकड्यांत. "हे त्या खिडकीत टाकलं की चौकोनांची गरज नाही," म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्ही बघा." चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

सोमवारी अकराला साहेबांच्या खोलीत तिघं बसले. भांडारवाला काहीतरी सही घ्यायच्या निमित्तानं दारात घुटमळत होता. टेबलावर तक्रार होती आणि तिच्याखाली मॅडमच्या कंत्राटाचा कागद.

"साहेब, तक्रार मागे घेतो," रंगराव म्हणाले. "मीच बदललं होतं. विसरलो."

"विसरलात?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "रोज सकाळी सात दहाला बदललंत, आणि रोज विसरलात?"

"वय झालं साहेब."

साहेबांनी खांदे उडवले आणि कागद बाजूला केला. सुटले होते रंगराव. मॅडमनीही श्वास सोडला. पण त्यांच्याकडे बघून त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात असं होतं की हा माणूस आत्ताही खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक आहे आणि पुन्हा केव्हा उलटेल याचा त्यांना भरवसा नाही. हे बघणं रंगरावांच्या चांगलंच ओळखीचं होतं. इतकी वर्षं ते स्वतः सगळ्यांकडे असंच बघत आले होते.

"खोटं आहे साहेब," ते म्हणाले. "विसरलो नाही. बायको बदलत होती. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. लहानपणापासून. या मॅडमचा काडीचा दोष नाही."

दारातून भांडारवाल्याचा "आयला!" ऐकू आला.

"एकोणतीस वर्षं?" साहेब म्हणाले. आवाज चढला होता. "एकोणतीस वर्षं तुम्ही या दवाखान्यात रंग देताय, आणि..."

"डबे मोजून द्यायचो साहेब. एकही चुकला नाही."

साहेब उठले, खिडकीशी गेले. खाली दालनाची फरशी दिसत होती, आणि तिच्यावरच्या रेषा. परत येऊन त्यांनी आधी मॅडमच्या कागदावर सही केली, मग टेबलावरचा लॅपटॉप रंगरावांकडे सरकवला. "औषधांची खिडकी उद्यापासून तळमजल्यावर जातेय. फलक करा. इथेच, माझ्यासमोर. विचारून करा, पण करा."

रंगरावांनी नमुना उचलला. चित्र काढून टाकलं, चार शब्द ठेवले, अक्षर तिप्पट केलं. तिथवर हात झरझर चालला. मग चौकोनांची ती ओळ उघडली, चावटासारखी, पुन्हा नव्या क्रमानं. हात खिशाकडे गेला. चिठ्ठी बोटांना लागली. बाहेर काढली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं.

त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि एका चौकोनावर बाण नेऊन थांबवला. कानशिलं तापली होती, शाळेतल्या त्या वर्गात तापली होती तशी. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "हा हिरवाच आहे ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून बसल्या. "हा लाल. हिरवा त्याच्या शेजारचा."

रंगरावांनी शेजारचा दाबला.